आडव्या आऱ्याला हायड्रॉलिक बसवताना

ओंडका हाताने फिरवावा लागतो अशा आऱ्यावर मिस्त्री तो होता होईल तितक्या कमी वेळा फिरवतो. प्रत्येक पलटीला चार माणसं, दोन पहारी आणि एक दोर लागत असेल तर कुणीही तेच करेल. त्याचा हिशेब मात्र पुढे फळीत निघतो. फळी वाळताना धनुष्यासारखी वाकते, गाठ नको तिथे येते, चांगला दर्शनी भाग बाजूच्या पट्टीत कापला जातो. गिऱ्हाईक लाकडाला दोष देतं. लाकडाचा त्यात फारसा दोष नसतो. ओंडका ज्या वेळी फिरवायला हवा होता त्या वेळी तो फिरवला गेला नाही, एवढंच झालेलं असतं.

आमची गिरणी चोपड्याजवळ आहे. परवाना वडिलांच्या काळातला. तो जागेचा असल्यामुळे आमच्या आडव्या आऱ्याला चाकं असली तरी यंत्र आवाराबाहेर जात नाही, लाकूडच आमच्याकडे येतं. येतं ते बहुतेक शेतबांधावरचं: कडुनिंब, बाभूळ, चिंच, आंबा, शिरीष आणि अलीकडे नीलगिरी. साग कमी, आणि तो आला की कागद आधी, लाकूड नंतर. बांधावरचं झाड जंगलातल्या झाडासारखं सरळ वाढत नाही. त्याला फांद्या खालूनच, बुंध्यात कुंपणाची तार, आणि एका बाजूला पोट आलेलं. असल्या लाकडाला तर जास्तच वेळा फिरवावं लागतं.

ज्यांनी फक्त उभा आरा पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. उभ्या आऱ्यात पट्टा जागेवर फिरतो आणि लाकूड ट्रॉलीवरून त्याच्याकडे जातं. आमच्या यंत्रात उलट आहे. ओंडका लोखंडी बेडवर पडून राहतो आणि इंजिनासकट पट्ट्याचं डोकं रुळावरून त्याच्यावरून सरकतं. पट्टा सव्वा इंच रुंद, पातळ. एका कापात दोन मिलिमीटरच्या आसपास भुसा जातो, उभ्या आऱ्याच्या रुंद पट्ट्यापेक्षा खूपच कमी. म्हणून हे यंत्र मला आवडतं. परदेशात अशी यंत्रं फार आधीपासून आहेत. अमेरिकेतली वुड-मायझर कंपनी १९८२ पासून ती बनवतेय. तिच्या काही यंत्रांवर ओंडका हाताने हलवायचा आणि काहींवर हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरने. आमचं यंत्र पहिल्या प्रकारातलं. ते दुसऱ्या प्रकारात न्यायचं, असं ठरवलं.

आधी वजनाचं बोलतो, कारण ते डोळ्याला कळत नाही. दोन फूट व्यासाचा, दहा फूट लांब ओंडका म्हणजे साधारण ३१ घनफूट. ओला कडुनिंब असेल तर आठ-नऊशे किलो. चिंच असेल तर टनाच्या आसपास. असा ओंडका उतरत्या फळ्यांवरून दोराने ओढत बेडवर चढवायचा आणि मधेच दोर सैल पडला तर खाली उभ्या माणसाने पाचर ठोकायची. हे काम आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललं. आप्पा, आमचे मिस्त्री, वयाने साठीला आलेले. त्यांचा डावा खांदा पहार मारून मारून उजव्यापेक्षा खाली आलाय. तरुण पोरं या कामाला येत नाहीत आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. सुरतेला कारखान्यात सावलीत काम मिळतं. इथे रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या गाड्या भरायला गेलं तरी रोजचे पैसे रोज सुटतात. चिंचेच्या ओंडक्याखाली पाय घालायला कोण कशाला येईल?

पण माणसं मिळत नाहीत एवढंच कारण असतं तर मी चेन पुली आणि ती टांगायला गॅन्ट्री (उंच लोखंडी चौकट) लावून भागवलं असतं. मला फळी सुधारायची होती.

नीलगिरीचं उदाहरण घ्या. जिवंत झाडात बाहेरचा थर ताणलेला असतो आणि आतला गाभा दाबलेला. एका बाजूने सलग तीन-चार फळ्या काढल्या की त्या बाजूचा ताण सुटतो, उरलेला ओंडका दुसऱ्या बाजूला वाकतो, आणि पुढची प्रत्येक फळी मधे जाड, टोकाला बारीक निघते. उपाय जुनाच आहे. एका बाजूने काप घेतला की ओंडका उलटा करायचा आणि समोरच्या बाजूने घ्यायचा, म्हणजे दोन्हीकडचा ताण बरोबरीने सुटतो. सगळ्या मिस्त्रींना हे ठाऊक आहे. पण प्रत्येक पलटीला दहा मिनिटं आणि चार माणसांचा घाम जात असेल तर ठाऊक असून काय उपयोग? कडुनिंबाचं वेगळं. त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले, तो फाटत नाही, पण गाठी कुठून निघतील सांगता येत नाही. पहिला काप उघडल्यावर आतली चांगली बाजू दिसते आणि मग ओंडका तिकडे वळवावा लागतो. कडुनिंबाला वाळवी सहसा लागत नाही म्हणून इकडे कपाटाला, कोठीला त्याची फळी मागतात. रुंद आणि बिनगाठीची फळी काढायची तर ओंडका दोन-तीनदा वळवून बघायलाच हवा.

हायड्रॉलिक म्हटलं की लोक दबकतात. खान्देशात दबकायचं कारण नाही. आपल्याकडे गावोगाव ट्रॅक्टरमागे पलटी नांगर आहे. शेताच्या टोकाला लिव्हर ओढला की एक सिलिंडर तो अख्खा नांगर उलटा करतो. डंपिंग ट्रॉली आहे, जेसीबी आहे. त्यांचे सील बदलणारे, होज (तेलाच्या रबरी नळ्या) दाबून देणारे, रॉडला हार्ड क्रोम करून आणणारे मिस्त्री धुळ्याला आहेत, जळगावच्या एमआयडीसीत आहेत, तालुक्याच्या गावातसुद्धा सापडतात. ओंडका फिरवणारा आर्म (लोखंडी हात) आणि पलटी नांगर यांचं कूळ एकच. फरक इतकाच की नांगराचं वजन ठरलेलं असतं आणि ओंडक्याचं दर वेळी वेगळं.

पहिला प्रश्न तेलाचा दाब कुठून घ्यायचा हा होता. ट्रॅक्टर आवारात उभा असतोच. त्याचा पंप मोठा, दाबही भरपूर. पण बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकला जे तेल जातं तेच गिअरबॉक्समध्ये फिरतं. आमच्या सिलिंडरमधला भुसा नि धूळ परत तिथे जायला नको. शिवाय नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतात लागतो, गिरणीत अडकवून ठेवता येत नाही. म्हणून वेगळा पॉवर पॅक केला. ३ एचपीची थ्री-फेज मोटर, १४४० फेऱ्यांची. तिला कपलिंगने जोडलेला ६ सीसीचा गिअर पंप. एका फेरीला ६ सीसी म्हणजे मिनिटाला साडेआठ लिटरच्या वर तेल. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब जादा झाला की तेल परत टँकमध्ये सोडणारा, १२० बारला लावला (एक बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब). हिशेब सोपा आहे: लिटर गुणिले बार भागिले ६०० केलं की किलोवॅट येतात. पंपाची घट धरून इथे दोनच्या आसपास येतात आणि ३ एचपीची मोटर २.२ किलोवॅटची असते. दाब १५० बार हवा असेल तर मोटर ५ एचपीची घ्यावी, नाहीतर भर उन्हात ट्रिप होत राहील.

दाबाचा जोर किती होतो तेही सांगतो. ६३ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटीमीटर. १२० बारला तो पावणेचार टनांचा जोर देतो. ५० मिलिमीटरचा सिलिंडर जवळजवळ २.४ टनांचा. कागदावर हे वाचून वाटतं की एक टनाच्या ओंडक्याला एक छोटा सिलिंडर पुष्कळ झाला. तसं नसतं, आणि सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागला.

ओंडका जमिनीवरून उचलून बेडवर टाकणारा जो आर्म असतो त्याचा बिजागरीचा पिन बेडच्या कडेला. ओंडका त्या पिनपासून तीन फुटांवर पडलेला, आणि सिलिंडर मात्र पिनपासून फुटावरच जोडता येतो, कारण जास्त लांब जोडला तर स्ट्रोक (रॉड जितका बाहेर येतो ती लांबी) पुरत नाही. म्हणजे नऊशे किलो उचलायला सिलिंडरला सत्तावीसशे किलोंचा जोर लावावा लागतो. त्यात आर्म खाली टेकलेला असताना सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. आर्मशी तीस अंशांचा कोन असेल तर त्याच्या जोराचा निम्माच भाग उचलायच्या कामी येतो, उरलेला पिनला दाबण्यात जातो. सत्तावीसशेचे चोपन्नशे झाले. सगळ्यात अवघड क्षण ओंडका जमीन सोडतो तो असतो, वर गेल्यावर नाही. म्हणून ६३चे दोन सिलिंडर घेतले, ४५० मिलिमीटर स्ट्रोकचे, आणि सिलिंडरचा खालचा जोड जितका खाली नेता आला तितका नेला. दोन्ही भरायला साडेआठ लिटरच्या पंपाला वीस सेकंद लागतात. कुणाला हे हळू वाटेल. नऊशे किलो वीस सेकंदांपेक्षा लवकर डोक्याच्या उंचीला यावेत असं मला वाटत नाही.

दोन आर्म स्वतंत्र ठेवू नयेत. तेल नेहमी हलक्या बाजूला आधी जातं. ओंडक्याचं बुंध्याकडचं टोक जड, म्हणून शेंड्याकडचा आर्म पुढे पळतो आणि ओंडका तिरका होऊन सरकतो. आम्ही दोन्ही आर्म एकाच जाड पाइपवर वेल्ड केले, म्हणजे ते एकत्रच उठतात. आर्मच्या टोकाला वर वळलेलं बोट आहे, ते नसेल तर गोल ओंडका मागे घरंगळतो.

आणखी एक गोष्ट आधी लक्षात येत नाही. ओंडका बेडच्या बाहेर लटकलेला असताना सगळं यंत्र त्या बाजूला कलंडू पाहतं. चाकांवरच्या यंत्राला तर हे फारच जाणवतं. उचलण्याच्या बाजूला दोन मजबूत पाय हवेत, खाली फूटभर रुंद पत्रा. आमची काळी माती पावसाळ्यात पाय गिळते, म्हणून त्या जागेवर काँक्रीटचे दोन ठोकळे टाकले.

आता फिरवणाऱ्या आर्मबद्दल, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. दोन पद्धती आहेत. एकात साखळी ओंडक्याला घासून त्याला बेडवरच गोल फिरवते. दुसऱ्यात दात असलेला आर्म खालून वर येतो आणि ओंडक्याला ढकलून पलटवतो. साखळी सालीवर हळुवार असते आणि गोल लाकडाला छान फिरवते, पण तिला हायड्रॉलिक मोटर लागते, आणि चौकोनी झालेल्या गाभ्यावर ती घसरते. आमची लाकडं वाकडी, पोट आलेली. म्हणून दातांचा आर्म केला, ५० मिलिमीटरच्या सिलिंडरवर. दात १२ मिलिमीटर प्लेटचे, पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले. खालचा दात ओंडक्याला पकडतो, ओंडका थोडा वळला की तो सुटतो आणि वरचा पकडतो. चारही बाजू कापून चौकोनी केलेल्या गाभ्याला पलटवताना तो एका कडेवर उभा करावा लागतो, म्हणजे सुरुवातीला निम्मं वजन उचलावं लागतं. त्या कामाला ५०चा सिलिंडर पुरतो.

दातांनी फळीवर खुणा पडतात, हे खरं. म्हणून शेवटच्या दोन बाजूंना आर्मवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा बोल्टने लावतो. केळीच्या पॅकिंग शेडमधून बदललेला बेल्ट मिळतो.

फिरवलेला ओंडका धरून ठेवणं हे वेगळं काम. मागे उभे टेकू, पुढून आवळून धरणारा क्लॅम्प. क्लॅम्पने नुसतं आत दाबून चालत नाही, थोडं खालीही ओढायला हवं, नाहीतर ओंडका टेकूवर चढतो. आम्ही क्लॅम्पचा खांब दोन-तीन अंश आत झुकवला आणि टोकाला खालच्या तोंडाचा दात ठेवला. त्याला पूर्ण १२० बार देऊ नये. पातळ उरलेल्या गाभ्याला तेवढ्या दाबाने धरलं की तो पोटात फुगतो, कापल्यावर सुटतो आणि फळी वाकडी येते. क्लॅम्पच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून ४० बारवर ठेवलाय. ज्यांना एकच खर्च जादा करायचाय त्यांनी हा करावा.

शेंडा उचलणाऱ्या रोलरवर मी एकच परिच्छेद देतोय, पण फळीच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. दहा फुटांचा ओंडका बुंध्याला चोवीस इंच आणि शेंड्याला अठरा इंच असेल तर दोन्ही टोकांच्या मध्यबिंदूंत तीन इंचांचा फरक पडतो. तसाच बेडवर ठेवून कापला तर गाभा फळीत तिरका जातो आणि रेषे कडेला तुटतात. शेंडा तीन इंच वर उचलला की गाभा बेडला समांतर होतो. पूर्वी आम्ही खाली फळीचे तुकडे सारायचो. आता एक आखूड सिलिंडर तेच करतो, आणि आप्पा पट्टी लावून मोजतात.

वेल्डिंगबद्दल सांगितलंच पाहिजे. आऱ्याचं बेड म्हणजे त्याचे रूळ. रूळ वाकला की फळी वाकली. चॅनेलवर एका बाजूला सलग वेल्ड घातला की लोखंड थंड होताना त्या बाजूला ओढलं जातं. आमच्या वेल्डरने प्रत्येक ब्रॅकेटला आधी टाके मारले, मग एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला असं आलटून पालटून भरलं, आणि मधे मधे पाण्याच्या नळीने लेव्हल बघत राहिला. सूत बांधून रूळ तपासला तो काम संपल्यावर आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, लोखंड पूर्ण थंड झाल्यावर. ज्या वेल्डरला घाई आहे त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. ब्रॅकेट रुळाच्या चॅनेलला न जोडता आडव्या बीमला जोडता आले तर अजून चांगलं. आम्ही शक्य तिथे तसंच केलं.

तेल. इथे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. हायड्रॉलिक तेलाचा ४६ ग्रेड सगळीकडे मिळतो, पण तो तापल्यावर फार पातळ होतो, पंप आतल्या आत गळतो आणि आर्म दुपारी सकाळपेक्षा हळू उठतो. आम्ही ६८ ग्रेड भरला. टँक तीस लिटरचा, म्हणजे पंपाच्या मिनिटाच्या तेलाच्या साडेतीन पट, आणि तो शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीला. लिव्हर मधे असताना तेल दाबाशिवाय टँकमध्ये फिरत राहील असाच ओपन सेंटरचा व्हॉल्व्ह घ्यावा, नाहीतर रिलीफ व्हॉल्व्हवरून सतत वाहून तेल उकळायला येतं. परतीच्या लाइनला फिल्टर हवाच. टँकच्या झाकणावर हवा आत-बाहेर जाण्यासाठी जो ब्रीदर असतो त्यावर आमच्याकडे सुती कापडाची पिशवी बांधलेली असते. भुसा आणि काळ्या मातीची धूळ दोन्ही तिथूनच आत जायला बघतात.

बाभळीचा भुसा तर वेगळंच प्रकरण. त्यात टॅनिन भरपूर. ओला भुसा लोखंडाला चिकटला की काळा पडतो आणि लोखंड खातो. रॉडवरच्या क्रोमला एकदा खड्डा पडला की तो दर स्ट्रोकला सील कापतो. म्हणून संध्याकाळी बंद करताना सगळे सिलिंडर आत घेऊन ठेवायचे, रॉड उघडा राहू द्यायचा नाही. गाठीला डिंक असेल तर रॉड डिझेलच्या फडक्याने पुसायचा.

सुरक्षेचं मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. ओंडका वर असताना वीज गेली तर काय? इकडे वीज जाते. उचलणाऱ्या दोन्ही सिलिंडरच्या तोंडाशीच लॉक व्हॉल्व्ह बसवलेत. दाब गेला किंवा होज फुटला तरी तेल सिलिंडरमध्येच अडकून राहतं आणि ओंडका जिथल्या तिथे थांबतो. हा व्हॉल्व्ह लिव्हरजवळ बसवला तर अर्धाच उपयोग, कारण मधला होज फुटू शकतो. उतरताना वेग ताब्यात राहावा म्हणून एका बाजूने तेल रोखणारा थ्रॉटलही आहे. होज दोन जाळीचेच घ्या. आणि गळती हाताने कधी शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून शंभर बारचं तेल कातडी फोडून आत जातं, वरून छोटा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना दाबाने तेल घुसलंय हे स्पष्ट सांगायचं. आमच्याकडे गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधतात, मोटर बंद करून दाब सोडल्यावरच नट आवळतात. लिव्हर बोर्ड बेडच्या दुसऱ्या बाजूला आहे. उचलणाऱ्या आर्मच्या बाजूला काम चालू असताना कुणीही उभं राहत नाही, मालकसुद्धा नाही.

पट्टा चालू करण्याआधी क्लॅम्प, फिरवणारा आर्म आणि रोलर कापाच्या रेषेखाली गेलेत हे डोळ्याने बघायचं. क्लॅम्पवर पट्टा आदळला तर पट्टा गेला, आणि तुटलेला पट्टा कुठे उडेल ते कुणाच्या हातात नाही. आप्पांनी स्वतः होऊन एक सवय लावलीय: कापाची उंची लावली की क्लॅम्पच्या टोकावर फूटपट्टी ठेवून बघायची, मगच डोकं पुढे.

अखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) तापीकाठच्या एका शेतातून चिंच आली. वादळात पडलेली, बुंधा अडीच फुटांचा, एका बाजूला खोल पन्हळ. ट्रॅक्टरने आर्मसमोर आणून टाकली. आप्पा लिव्हरला हात लावायला तयार नव्हते. मला म्हणाले, "भो, यामा जोर कितला शे?" मी आकडा सांगितला, त्यांनी मान हलवली. आर्म ओंडक्याखाली गेला आणि पंपाचा आवाज बदलला. मोकळा फिरताना तो शिट्टीसारखा बारीक असतो, भार आला की घोगरा होतो. गेजचा काटा ११०पर्यंत चढला. ओंडका मातीतून सुटताना चिकटलेली ढेकळं खाली पडली, आणि तो सरळ वर येऊन टेकूला लागला. मग फिरवणाऱ्या आर्मचा लिव्हर आप्पांच्याच हाती दिला. पहिल्या दाताने साल सोलली, दुसऱ्याने धरलं. ओंडका सावकाश वळला आणि पन्हळ वर आली. "हाऊ तं आपोआप फिरी गया!" आप्पा म्हणाले, आणि लगेच त्यांनी तो परत मागे घेतला, पुन्हा वळवला, थोडा अजून. ते लिव्हरशी खेळत नव्हते. पन्हळ कुठल्या कोनात ठेवली तर सगळ्यात रुंद फळी निघेल हे बघत होते. इतकी वर्षं ओंडका जसा पडेल तसा कापणारा माणूस पहिल्यांदा त्याला हव्या त्या कोनात आणून थांबवत होता. त्या ओंडक्यातून अठरा इंच रुंदीच्या फळ्या निघाल्या. हाताने करत असतो तर पन्हळ कापाच्या मधोमध आली असती आणि सगळं बारा इंचांच्या आत राहिलं असतं.

नीलगिरीतही फरक पडला. आता प्रत्येक दोन कापांनंतर पलटी होते. ढिगाऱ्यातल्या फळ्या एकमेकींवर बसतात, मधे बोट जाईल अशी फट राहत नाही. गिऱ्हाईकाला रंधा कमी मारावा लागतो आणि तो पुन्हा येतो.

माणसं कमी झाली का, असं विचारतात. पूर्वीचेच तिघं आहेत. चौथा मिळतच नव्हता. आता तिघांत काम होतं आणि आप्पा अजून कामावर येतात, हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. लाकडाचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि ते पाठीबरोबर घरी बसलं असतं.

ज्यांच्याकडे हाताचं यंत्र आहे आणि पैसे एकदम घालता येत नाहीत, त्यांना माझा सल्ला असा. उचलणारा आर्म आधी करू नका, जरी तो बघायला सगळ्यात मोठा दिसतो. उतरत्या फळ्या, चेन पुली किंवा ट्रॅक्टरचा लोडर यांवर काही दिवस ओंडका चढवता येतो, कारण तो एका ओंडक्याला एकदाच चढवायचा असतो. आधी फिरवणारा आर्म आणि क्लॅम्प करा. पॉवर पॅक मात्र सुरुवातीपासून पुढच्या सगळ्याचा विचार करूनच घ्या, आणि व्हॉल्व्हला दोन लिव्हर जास्तीचे ठेवा. बारा इंचांच्या आतलीच लाकडं कापत असाल तर यातलं काहीच लागणार नाही, त्यापेक्षा चांगले पट्टे आणि धार लावायचं यंत्र घ्या. ड्रॉइंग हवं असेल तर मला कळवा. मापं तुमच्या बेडप्रमाणे बदलावी लागतील, पण पिनच्या जागा आणि सिलिंडरचे कोन मी वहीत लिहून ठेवलेत, त्यांचे फोटो पाठवीन.